ठासणीची बंदूक न उडाल्यास : कारणे, उपाय व दक्षता

दिवाळीच्या सुमारास ठाणे जिल्ह्यातील भातशेते कापणीस येतात. मुरबाड व शहापूर तालुक्यांत, तसेच कल्याण तालुक्याच्या डोंगराकडील गावांत, हाताशी आलेले पीक रानडुकरांचा कळप एका रात्रीत तुडवून टाकतो. ज्या शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आहे, त्यांची एक नित्याची तक्रार असते : चाप ओढला, पण बार उडाला नाही. हा दोष बहुधा किरकोळ असतो. परंतु त्या क्षणी केलेली घाई प्राणघातक ठरू शकते.

आगीची वाट

केपेच्या बंदुकीत आग एका ठरलेल्या वाटेने जाते. घोडा केपेवर आदळतो. केपेतील स्फोटक पेटते. तिची ज्वाला केप जीवर बसते त्या पोकळ खुंटीतून, म्हणजे निपलमधून, नळीच्या बुडाशी ठासलेल्या दारूपर्यंत पोहोचते. चकमकीच्या जुन्या बंदुकीत रंजक उघड्यावर असे व पावसात भिजे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या धर्मोपदेशकाने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाच्या युक्तीचे पेटंट घेतले. केप ही त्याच युक्तीची पुढची पायरी होय. केपेमुळे पावसाचा त्रास कमी झाला, पण संपला नाही.

प्रथम थांबावे

बार न उडाल्यास बंदूक खांद्यावरून उतरवू नये. नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवून किमान एक मिनिट स्वस्थ थांबावे. ओलसर दारू धुमसत राहून काही क्षणांनी पेटण्याचा संभव असतो. या वेळात नळीत डोकावणे, बंदूक उलटी करणे किंवा गज घालणे म्हणजे जिवावर उदार होणे होय.

आवाजावरून निदान

१. केवळ घोडा पडल्याचा आवाज येतो. केप फुटत नाही. येथे दोष केपेत किंवा घोड्यात असतो. केप दमट झाली असेल, निपलवर पूर्ण बसली नसेल किंवा तिचे माप चुकले असेल. पूर्ण न बसलेली केप घोड्याच्या पहिल्या आघाताने नुसती खाली सरकते व दुसऱ्या आघाताने फुटते. नवीन केपाही वारंवार फुटत नसतील, तर घोड्याची कमान सैल झाली आहे किंवा निपलचे तोंड ठोकले जाऊन चपटे झाले आहे, असे समजावे.

२. केप फुटते, बंदूक गप्प राहते. येथे आगीची वाट बंद असते. निपलच्या छिद्रात काजळी, गंज किंवा तेल साचलेले असते, अथवा दारू भिजलेली असते. एक मिनिट थांबल्यावर नवी केप बसवून सुरक्षित दिशेसच पुन्हा चाप ओढावा. तरीही बार न उडाल्यास पुनश्च थांबून फुटलेली केप काढावी व निपल बारीक तारेने साफ करावी. तेवढ्यानेही काम न झाल्यास निपलच्या बाजूने पाणी घालून दारू पूर्ण भिजवावी आणि भार काढण्याचे काम परवानाधारक कारागिराकडे सोपवावे.

३. केप फुटते, क्षणभर विलंब होतो व बार मंद उडतो. दारूने दमटपणा धरला आहे, निपलची वाट अर्धवट बुजली आहे किंवा दारू व बोळा नीट ठासून बसलेला नाही, याची ही खूण होय. ही पूर्वसूचना समजून बंदूक त्याच दिवशी साफ करावी.

दुहेरी भार टाळावा

सर्वांत मोठा धोका विसरण्याचा असतो. बार उडाला नाही हे अंधारात व गडबडीत न कळता वर दुसरा भार ठासला गेल्यास नळी फुटू शकते. यासाठी गजावर दोन खुणा कराव्यात. रिकाम्या नळीत गज बुडाशी टेकला असता तोंडाशी येणारी एक व नेहमीचा भार असता येणारी दुसरी. भरण्यापूर्वी दर वेळी खूण पाहावी.

पावसाळ्यातील निगा

काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने मागे राहतो. ही राख हवेतील ओल ओढून घेते, वाट बुजवते व लोखंड गंजवते. म्हणून वापरानंतर नळी व निपल गरम पाण्याने धुवावी, कोरडी करावी व तेलाचा पातळ हात द्यावा. मात्र भरण्यापूर्वी ते तेल पुसून काढावे. पुष्कळदा पहिला बार फुकट जाण्याचे कारण तेच असते. त्यानंतर नळी रिकामी असल्याची गजाने खात्री करून नुसती केप उडवावी. तोंडापुढील गवताचे पाते हलले, तर वाट मोकळी आहे.

भिजलेली दारू पुन्हा वाळवून वापरू नये. पाण्यात सोरा विरघळतो. गंधक व कोळसा विरघळत नाहीत. त्यामुळे मिश्रण बिघडते व वाळल्यावरही जोर परत येत नाही. तवा किंवा चुलीवर दारू वाळवणे तर सर्वथा वर्ज्य होय. काडतुसातील बिनधुराची दारू या बंदुकीत कधीही घालू नये. केप व दारू परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी आणि ती निरनिराळ्या घट्ट झाकणाच्या डब्यांत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावी.

कायद्याची मर्यादा

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ते मारता येत नाही. निष्काळजीपणे बंदूक चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हाही २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. कल्याण-डोंबिवलीलगत शेताच्या बांधापलीकडे आता वस्ती आली आहे. तेथे ‘सुरक्षित दिशा’ सापडणेच कठीण. अशा ठिकाणी कुंपण व राखण हेच उपाय योजावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कापणीपूर्वी बंदूकधारक शेतकऱ्यांना एकत्र बोलावून गजावरील दोन खुणा त्यांच्यासमक्ष करून घ्याव्यात. बुडालेले पीक पुढल्या हंगामात पुन्हा उभे राहते. गेलेला माणूस परत येत नाही.