किलो उतरतात, बळही उतरतं

वजन उतरवण्यासाठी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली तेव्हा माझा मधुमेह जुना होता, इन्सुलिन चालू होतं. जठराचा मोठा भाग काढल्यावर साखर भराभर खाली आली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवलं. भेटेल तो म्हणे, "ओळखूच येत नाहीस गं!" त्याच दिवसांत मांडी घालून बसलं की उठताना मला हाताचा आधार लागू लागला. गुडघ्यांचं दुखणं गेलं होतं, पण मांड्यांत ताकद नव्हती.

पोटात जात होतं ते वरणाचं पाणी, मऊ भात, थोडं ताक. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की उतरलेलं वजन सगळं चरबीचं नसतं. साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चरबीखेरीजचा असतो; त्यात स्नायूही जातात, आणि ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त होते.

मधुमेह्याला हे परवडत नाही. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून साठवण्यात स्नायूंचा वाटा फार मोठा. त्यातून आपण भारतीय मुळातच स्नायूंनी कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बीएमआय दोघांबद्दल एकच सांगत होता!

तरीही शस्त्रक्रियेला घाबरू नका. मला तिने खूप दिलं. पण प्रथिनांचा हिशेब पहिल्यापासून ठेवा. दिवसाला निदान ६० ते ८० ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात, वाटीभर पातळ वरणात त्याहूनही कमी. चार घासांतच पोट भरतं, तेव्हा पहिला घास पनीर, अंडं, मासळी, घट्ट दही किंवा मुगाच्या धिरड्याचा हवा, भाताचा नंतर. प्रोटीन पावडर घेण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. जुन्या मधुमेहात ही तपासणी हवीच. नुसतं चालणंही पुरत नाही. सर्जननी परवानगी दिली की खुर्चीतून हात न टेकता उठबस, रबरी पट्ट्यांचे व्यायाम, मग हलकी वजनं. माझ्या मांड्या यानेच सावरल्या, पण सावकाश.

औषधांकडेही लक्ष हवं. शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहिल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मात्रा डॉक्टरांकडून लगेच ठरवून घ्या. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी१२ जीवनसत्त्व आधीच कमी असू शकतं, शस्त्रक्रियेनंतर ते आणखी घटू शकतं. हाडंही विरळ होतात, त्यामुळे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कायमचं.

आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर त्याआधी डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. चरबी किती, स्नायू किती, हाडं कशी, हे त्यातून कळतं. आधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतर नेमकं काय गेलं ते कळायला मार्ग राहत नाही. माझ्याकडे तो नाही.