बोअर आधी, बाटली नंतर

नांदेड आणि लातूरच्या एमआयडीसीत, तालुक्याच्या गावांतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाणी भरायच्या मशिनी बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नवा प्लांट टाकायला निघालेली पोरं पहिला प्रश्न विचारतात, "तासाला किती बाटल्या निघतील?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. कोटेशन मागवायच्या आधी बोअरचं पाणी तपासा, तेही मे महिन्यात. दिवाळीच्या सुमाराचा रिपोर्ट बघून आरओ घेतला की उन्हाळ्यात फसगत होते. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड. पातळी खोल गेली की बहुतेक बोअरचे क्षार वाढतात, मेम्ब्रेनवर थर बसतो, पंपाचा दाब चढतो आणि हाती येणारं पाणी घटतं. त्यामुळे सॉफ्टनर किंवा अँटिस्केलंटचा डोसिंग पंप हवाच. किनवटकडे फ्लोराइडही बघून घ्या. बाटलीबंद पाण्याचं भारतीय मानक, आयएस १४५४३, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच विरघळलेले क्षार चालवतं. ती मर्यादा पाळायचं काम आरओचं आहे. भरायचं मशीन कितीही भारी घेतलं तरी ते आलेलं पाणी फक्त बाटलीत ओततं.

२. बाटली धुणं, भरणं आणि बूच लावणं एकाच मशीनवर होतं. त्यातली नाजूक जागा बुचाची. ढिलं बसलं तर गळतं, जास्त आवळलं तर सील तडकतं. सकाळी केलेली सेटिंग दुपारी पुन्हा तपासा, कारण चाळिशीपार गेलेल्या शेडमध्ये प्लास्टिक मऊ पडतं.

३. सगळ्यात अवघड काम वीस लिटरच्या जारचं. बाटली कारखान्यातून एकदाच जाते. जार मात्र लग्नघरी, दुकानात, ऑफिसात फिरून परत येतो. मधल्या काळात कुणी त्यात रॉकेल ठेवलं, कुणी फिनेल, हे कुठल्याही मशीनला कळत नाही. म्हणून धुण्याच्या मशीनपाशी जार नाकाला लावून बघणारा, उजेडात धरून तपासणारा माणूस बसवा आणि संशय आलेला जार बाजूला काढायचा अधिकार त्याला द्या. तारेचा ब्रश आत घालू नका. ओरखड्यांत जंतू घर करतात आणि तिथे औषध नीट पोचत नाही. लग्नसराईत मालक घाई करतो, जार नुसते विसळून भरले जातात, आणि ते पाणी लेकरं पितात. मला या धंद्यात सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो.

४. वीज. एक फेज गेली की मोटर जळते. सिंगल फेज प्रिव्हेंटर पहिल्याच दिवशी बसवा. कॅपिंग हेड, वायसर, सेन्सर शिलकीत ठेवा. अहमदाबादहून पार्ट येईपर्यंत अक्षय तृतीया निघून जाते.

५. लहान आरओत एक लिटर शुद्ध पाणी काढताना कमी-अधिक तेवढंच पाणी बाहेर टाकलं जातं. हे कुठे टाकतोय, हे लातूरकरांनी तरी विचारलंच पाहिजे. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. बाहेर टाकलेलं पाणी फरशी धुवायला, संडासाला, जार बाहेरून घासायला वापरा. बोअरशेजारच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात मात्र ते सोडू नका, काढलेले क्षार परत वर येतील. त्या खड्ड्यात पत्र्यावरचं पावसाचं पाणी गाळून सोडा. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६५ हजार लिटर पाणी होतं. मशीनची ऑर्डर देताना त्याच कागदावर पन्हाळीचा, गाळणीचा आणि खड्ड्याचा खर्चही लिहा.