लॅम्डा तोच, पॅरामीटर वेगळा

एका बिलिंग प्रणालीत ग्राहक शोधण्याचं पान महिन्यागणिक सुस्त होत चाललं होतं. इंडेक्स होते, सर्व्हरची मेमरीही वाढवून झाली होती. शेवटी आम्ही एंटिटी फ्रेमवर्ककडून डेटाबेसला जाणारी क्वेरी लॉगमध्ये पाहिली. सिलेक्ट होतं, व्हेअर कुठेच नव्हतं. एका ग्राहकासाठी अख्खं टेबल येत होतं आणि निवड अॅप्लिकेशनच्या मेमरीत होत होती.

सी शार्पच्या कोडमध्ये मात्र व्हेअर स्वच्छ दिसत होतं. घोळ होता रिपॉझिटरीच्या मेथडमध्ये. तिचा पॅरामीटर होता ‘फंक’. हवा होता ‘एक्सप्रेशन’मध्ये गुंडाळलेला फंक.

सी शार्पमध्ये लॅम्डा 2007 साली, 3.0 आवृत्तीत, लिंकच्या जोडीने आला, आणि हा दुहेरीपणा तेव्हापासूनचा आहे. पॅरामीटर फंक असेल तर लॅम्डाचा थेट चालणारा कोड बनतो. त्याच्या आत काय आहे हे एंटिटी फ्रेमवर्कला वाचता येत नाही. पॅरामीटर एक्सप्रेशन असेल तर त्याच मजकुराचा ट्री बनतो आणि तो वाचून एसक्यूएल तयार होतं. एंटिटी फ्रेमवर्कच्या क्वेरीचा प्रकार आयक्वेरीएबल, आणि तो मेमरीतल्या याद्यांच्या आयएन्युमरेबलचाच वारस. त्यामुळे फंक दिला की कंपायलर मुकाट्याने मेमरीतलं व्हेअर निवडतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, उत्तरही बरोबर. म्हणूनच मला हा दोष फार घातक वाटतो. युनिट टेस्ट दहा-वीस नोंदींवर चालतात, त्या हिरव्याच राहतात. एंटिटी फ्रेमवर्क कोअर 3.0 पासून एसक्यूएलमध्ये न बसणाऱ्या अटीवर एक्सेप्शन येतं खरं, पण इथे अट तिथवर पोचतच नाही.

डेटाबेसची अट स्वीकारणाऱ्या मेथडचा पॅरामीटर एक्सप्रेशनच ठेवा. मेमरीतल्या यादीसाठी फंक अगदी योग्य आहे. जुना कोड बदलायला घाबरू नका: जागेवर लिहिलेले साधे लॅम्डा तसेच चालतात. फंक व्हेरिएबलमध्ये धरून पुढे दिला असेल तिथे कंपायलर अडतो, आणि अडू द्याच. दुरुस्तीच्या जागा त्यातून आपोआप सापडतात. एक्सप्रेशन कंपाइल करून फंक मिळवता येतो, उलट वाट नाही. महिरपी कंसातला लॅम्डा एक्सप्रेशन होत नाही. अटीत आपलीच मेथड बोलावली तर कोड कंपाइल होतो आणि चालवताना फुटतो. तिथे सुटकेसाठी आधी ‘टू-लिस्ट’ लावण्याचा मोह होतो. तो लावू नका, टेबल पुन्हा मेमरीत येईल. अट साध्या तुलनांमध्ये फोडून लिहा आणि लॉगमध्ये व्हेअर उमटलं का ते बघूनच कोड पुढे पाठवा.