टिकट कुणाच्या नावावर?

अगं, टीम लीड झालीस, मनापासून अभिनंदन! आठ-नऊ जणांची टीम, प्रत्येकाच्या हाताशी एआय, आणि वरून फर्मान की "इश्यू ट्रॅकिंगची नीट पद्धत बसव." आता तू जिरा घ्यावं की गिटहब इश्यूज, याचे तक्ते मांडत बसली असशील. ते आधी बाजूला ठेव. जिराची मोफत योजना दहा जणांपर्यंत चालते, गिटहबचे इश्यूज कोडच्या शेजारीच असतात. टीमला जे सवयीचं आहे ते घे. टूलपाशी कुणाचंच घोडं अडत नाही. अडतं ते एका प्रश्नापाशी: हे टिकट कुणाचं?

पूर्वी टिकट लिहायचा सगळ्यांना कंटाळा असायचा. मागे लागून, गोड बोलून, प्रसंगी डोळे वटारून लिहून घ्यावं लागायचं. आता उलटं झालंय. एक ओळ टाकली की दोन पानांचं देखणं टिकट तयार, वर ठळक मथळे, खाली 'संभाव्य कारणे'. लिहिणं फुकट झालं, वाचणं मात्र होतं तेवढंच महाग राहिलं. तेव्हा कुठलाही नियम करताना एकच बघ, वाचणाऱ्याचा वेळ वाचतोय की जातोय.

समज, सपोर्टला फोन आला, "पैसे कटले, पावती येत नाही." सपोर्टच्या मुलाने ते वाक्य एआयला दिलं. टिकटात आलं की सर्व्हरवर ताण असावा, कॅशिंगची अडचण असावी, डेटाबेसचं कनेक्शन तुटत असावं. वर बग पुन्हा घडवण्याच्या पाच पायऱ्या, ज्या कुणीही करून पाहिलेल्या नाहीत! डेव्हलपर बिचारा अर्धा दिवस कॅशिंगमागे धावतो. तेच टिकट असं असतं तर? "अँड्रॉइड ॲप. यूपीआयने ५०० रुपये भरले. बँकेतून गेले. ॲपमध्ये 'पेंडिंग' दिसतं, ॲप बंद करून उघडलं तरी तेच. 'यशस्वी' दिसून पावती यायला हवी होती. टेस्ट खात्यावर करून पाहिलं, पैसे भरताना नेट गेलं की हमखास होतं." सगळा जीव त्या शेवटच्या वाक्यात आहे, आणि ते लिहायला कुणालातरी हात चालवावा लागतो.

म्हणून टिकटाचा नमुना छोटा ठेव. काय झालं, काय व्हायला हवं होतं, कुठे झालं, आणि पुरावा. त्यात एक रकाना सक्तीचा कर: 'हे स्वतः कुणी करून पाहिलं?' तिथे नाव नसेल तर टिकट 'नवीन'मधून पुढे सरकणार नाही. आणि एआयचे अंदाज हवेच असतील तर ते खाली, 'अंदाज' असं लिहून. माहितीत मिसळलेला अंदाज फार छळतो गं.

हे दुखणं आपल्याच टीमचं आहे असं समजू नकोस. कर्ल हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर फोनपासून गाड्यांपर्यंत कुठेकुठे बसलेलं आहे. त्याचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२४ मध्येच जाहीर तक्रार केली होती की, सुरक्षेतल्या त्रुटी सापडल्या म्हणून येणारे एआयने लिहिलेले रिपोर्ट वाचण्यात मोजक्या माणसांचा वेळ वाया जातोय. दिसायला व्यवस्थित, आत काही नाही, त्यामुळे खोटे आहेत हे कळायलाच वेळ लागतो. मे २०२५ मध्ये त्यांनी रिपोर्ट देणाऱ्याला 'एआय वापरलंय का?' असं विचारायला सुरुवात केली. शेवटी जानेवारी २०२६ अखेर त्रुटी शोधणाऱ्यांना पैसे देण्याची योजनाच बंद करून टाकली. एवढ्या मुरलेल्या लोकांचा जीव मेटाकुटीला आला, तिथे तुझी टीम सुरुवातीपासून शिस्तीत राहिलेली बरी.

आता काम कुणाला द्यायचं ते बघ. मे २०२५ पासून गिटहबवर इश्यू थेट कोपायलट या एआयच्या नावावर टाकता येतो; तो कोड लिहून पुल रिक्वेस्ट उघडतो. खुशाल टाक. मजकुरातली चूक, राहून गेलेली टेस्ट, जुनी लायब्ररी बदलणं, असली कामं त्याला छान जमतात. पण त्या इश्यूवर माणसाचंही एक नाव हवं. 'टीम' हे नाव नव्हे, 'एआय' हे तर नव्हेच. रात्री प्रॉडक्शन झोपलं तर फोन कुणाला करायचा, त्याचं ते नाव. आणि ज्याने एआयला काम सांगितलं त्यानेच ते मंजूर करायचं नाही. गिटहबनेही कोपायलटसाठी हाच नियम ठेवलाय.

आणखी एक बारीक गोष्ट. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात 'फिक्सेस' आणि इश्यूचा नंबर लिहिला, की मर्ज होताच इश्यू आपोआप बंद होतो. सोय आहे, पण गिऱ्हाईकाला पावती मिळाली का, हे तिथे कोण बघतं? म्हणून बोर्डवर 'बंद'च्या आधी 'पडताळणी' नावाची एक रांग ठेव. ज्याने तक्रार नोंदवली त्याने बघायचं, आणि मगच बंद करायचं.

डुप्लिकेट शोधणं, लांबलचक चर्चेचा सारांश, सपोर्टच्या मराठी-हिंदी मिसळलेल्या टिपणांतून पहिला मसुदा, हे सगळं एआयकडून बिनधास्त करून घे. प्राधान्य ठरवणं, तारीख कबूल करणं आणि टिकट बंद करणं मात्र माणसाकडे. गिऱ्हाईकाचं नाव, मोबाइल नंबर, बँकेचा तपशील हे टिकटात येऊच देऊ नकोस. कारण टिकटात जे येतं ते उद्या कुणीतरी एआयला चिकटवतंच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुझ्या मॅनेजरला एकदा दाखवून ठेव, म्हणजे तुझ्या या नियमाला कुणी नाक मुरडणार नाही.

आणि किती टिकटं बंद केली यावर कुणाचं मोजमाप करू नकोस. एआय हाताशी असताना एका कामाची सात टिकटं करून सातही बंद करायला कितीसा वेळ लागतो? मुलं हुशार आहेत, आकडा मागशील तर आकडाच देतील.

आता ताई म्हणून सांगते, हे मीटिंगमध्ये कुणी सांगणार नाही. बोर्ड नीट ठेवणं, डुप्लिकेट काढणं, "अरे, यावर अपडेट टाक ना" म्हणून मागे लागणं, हे काम कुणाला दिसत नाही आणि टीममधल्या बाईच्या गळ्यात अलगद पडतं. "तू किती व्यवस्थित करतेस!" म्हणतात, आणि आपणही खुलतो. वर्षाअखेर अप्रेझलला मात्र विचारतात, तांत्रिक काम काय केलंस? आता तर "ते एआयच करतं की" असंही ऐकवतील. एआयने केलेलं रोज तपासायला लागतं, ते कुणीतरी माणूसच करत असतं.

तेव्हा पाळी लाव. आलेली टिकटं चाळून वाटण्याचं काम दर आठवड्याला एकेकाकडे. सीनियर असो, नवखा असो, कुणाला सूट नाही. ज्याची पाळी त्याच्यावर त्या आठवड्यात बाकीचं काम कमी टाकायचं, नाहीतर पाळी कागदावरच राहते. हे काम अप्रेझलच्या उद्दिष्टांत लिहून घे, अगदी सगळ्यांच्या. शुक्रवारी अर्धा तास सगळ्यांनी मिळून जुनी टिकटं निकालात काढायची. जे होणारच नाही ते "करणार नाही" असं स्पष्ट लिहून बंद. तसं लिहायला वाईट वाटून घेऊ नकोस. ताटकळत ठेवण्यापेक्षा नकार बरा.

एवढं सगळं पहिल्याच आठवड्यात बसवायला जाऊ नकोस, टीम कावेल. आधी टिकटाचा नमुना आणि पाळीचा तक्ता, बाकीचं हळूहळू. फक्त त्या तक्त्यात पहिलं नाव तुझं घालू नकोस हं.