संगणक-जाळे : आज्ञेपूर्वीची परीक्षा

मोठ्या डेटा सेंटरमध्ये हजारो संगणक परस्परांशी जोडलेले असतात. माहिती कोणत्या वाटेने न्यावयाची, हे राउटर नावाची यंत्रे ठरवितात. त्यांना नियम मात्र माणूसच घालून देतो. त्या नियमांतील चूक वेळीच कशी ओळखावी, हा संशोधनापुढील एक बिकट प्रश्न होय.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीच्या जाळ्यात नित्याची देखभाल चालू असता दिलेल्या एका आज्ञेमुळे तिची डेटा सेंटरे परस्परांपासून तुटली. अशी आज्ञा रोखणाऱ्या तपासणी-व्यवस्थेतच दोष होता. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर जावे लागले. व्हॉट्सअ‍ॅपसह कंपनीच्या सेवा सुमारे सहा तास बंद पडल्या.

यावर दोन उपाय पुढे आले आहेत. मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी जॉर्ज वर्गीस व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये एक गणिती पद्धत मांडली. माहिती प्रत्यक्ष न पाठविता ती कोठवर पोहोचेल व कोठे अडेल, हे तीवरून आधीच काढता येते. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जाळ्याची हुबेहूब प्रतिकृती उभारून तीवर बदलांची रंगीत तालीम घेण्याची व्यवस्था मांडली.

तथापि जाळ्यावरील भार क्षणोक्षणी बदलतो. त्यामुळे तालमीतून प्रत्येक दोष उघडकीस येईलच असे नाही. म्हणून कोणत्याही कार्यालयाने संगणक-जाळे स्वीकारताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : बदलांची पूर्वपरीक्षा होते काय, आणि जाळे बंद पडल्यास दुरुस्तीची वाट स्वतंत्र आहे काय?