उघडता येणारे यंत्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर ज्ञानेश्वरीशेजारी सोल्डरिंगचे सामान पाहून पुष्कळांना नवल वाटते. वास्तविक संकेतस्थळे तयार करणे हा माझा शिक्षण सांभाळून चालणारा उद्योग आणि इलेक्ट्रॉनिक्स हा छंद. या दोहोंनी मला एकच धडा शिकवला. तो आपणांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

छंदापासून प्रारंभ करतो. २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी मासिमो बांझी, दाविद कुआर्तिएल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अर्डुइनो’ नावाचा एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार केला. तेथीलच एर्नांदो बार्रागान या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी केलेल्या ‘वायरिंग’ या कामावर तो आधारलेला होता. तंत्रज्ञ नसलेल्या विद्यार्थ्यांनाही यंत्राशी बोलता यावे, हा त्यामागचा उद्देश. त्याच्या मूळ ‘उनो’ या प्रकारात आज्ञावलीसाठी अवघी ३२ किलोबाइट जागा असते. परंतु महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याचे आराखडे कोणालाही पाहता येतात.

या बोर्डावर मी घरच्या पाण्याच्या टाकीसाठी भोंगा केला. पाणी वरच्या तारेला टेकले की पाच व्होल्टचा संकेत बोर्डाच्या पिनेवर यावा आणि भोंगा वाजावा, एवढीच योजना. पण टाकी अर्धी असतानाच मध्यरात्री भोंगा वाजू लागला! आई म्हणाली, “तू झोप बाबा, टाकी भरली का ते मीच वर जाऊन बघते.” दोन रात्री आकृती आणि आज्ञावली ताडून पाहिल्यावर चूक सापडली. तार कोरडी असताना ती पिन कशालाच जोडलेली नव्हती. अशी अधांतरी पिन आसपासच्या विजेच्या लहरी पकडते आणि त्यांनाच संकेत समजते. ती पिन आणि ‘ग्राउंड’ यांच्यामध्ये दहा हजार ओहमचा रेझिस्टर जोडला आणि भोंगा शहाणा झाला. आतले सारे पाहता आले, म्हणूनच दुरुस्ती करता आली.

आता संकेतस्थळाकडे वळू. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. त्यांचे संकेतस्थळ एका व्यावसायिकाने स्वतःच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर करून दिले होते. पुढे त्याने व्यवसायच गुंडाळला. ओव्या पडद्यावर दिसत होत्या, पण एकगठ्ठा बाहेर काढण्याची सोय नव्हती. स्थळ बंद होईपर्यंत आम्ही पानापानाने उतरवून घेतल्या. तरी काही राहिल्याच. त्या सांगणाऱ्या दोन आजी आज हयात नाहीत. त्यांना पुन्हा कोठे विचारणार?

त्यानंतर आम्ही ‘वर्डप्रेस’ निवडले. त्याची जन्मकथा आमच्या कहाणीच्या अगदी उलट आहे. मिशेल वाल्द्रिगी याने लिहिलेल्या ‘बी-टू’ या सॉफ्टवेअरचे काम थंडावले होते. परंतु त्याचा परवाना ‘जीपीएल’ होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेला हा परवाना सॉफ्टवेअर वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य देतो. मात्र बदललेली प्रत वाटताना तेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्यावे लागते. म्हणून मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांना ‘बी-टू’चे काम हाती घेता आले आणि मे २००३ मध्ये वर्डप्रेस प्रसिद्ध झाले. कर्ता थांबला, पण कृती थांबली नाही.

वर्डप्रेसमध्ये मजकूर एका कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, राहतो आणि पानाची सजावट वेगळी राहते. वाचकाने पान मागितले की ‘पीएचपी’ भाषेतील आज्ञा कोठारातून ओवी काढून सजावटीत बसवतात. त्यामुळे सजावट बदलली तरी ओवीला धक्का लागत नाही आणि सारे कोठार उचलून दुसरीकडे नेता येते.

मात्र खुलेपणा म्हणजे निष्काळजीपणाची मुभा नव्हे. नव्या आवृत्त्या वेळेवर घेतल्या नाहीत, तर ज्ञात त्रुटींतून चोर आत शिरतो. प्रत काढून ठेवली नाही, तर खुले सॉफ्टवेअरही हरवलेली ओवी परत देत नाही. म्हणून आम्ही दर महिन्याला कोठाराच्या दोन प्रती काढतो. एक महाविद्यालयात राहते, दुसरी माझ्या घरी.

हे काम करताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. ओवीला कर्त्याची सही नसते. एकीने म्हटली, दुसरीने तीत आपल्या भावाचे नाव गुंफले, तिसरीने ती सासरी नेली. कोणी कोणाला अडवले नाही, म्हणून ती आमच्या वह्यांपर्यंत पोहोचली. जी गोष्ट आमच्या आज्यांनी जात्यावर बसून केली, तीच मुलेनवेग आणि लिटल यांनी संगणकापुढे बसून केली. तेव्हा मित्रहो, एखादे यंत्र वा सॉफ्टवेअर घेताना किमतीच्या आधी एवढे अवश्य विचारा: हे मला उघडता येईल काय, आणि माझे मला परत नेता येईल काय?