कुत्र्याचे दात: भूल द्यायची का, आणि खर्च किती?

दवाखान्यात फोन लावण्याआधी घरी पाच मिनिटं काढा. कुत्र्याला ट्यूबलाइटखाली बसवा, जबडा न उघडता गालाकडचा ओठ वर करा आणि वरची सर्वांत मोठी दाढ बघा. कीटण तिथे आधी साचतं. ओल्या गॉझनं हिरडीची कड हलकेच पुसा. गॉझला रक्त लागलं, हिरडी लाल किंवा सुजलेली दिसली, तर दाखवायला न्या. दात नुसते पिवळे आणि हिरडी घट्ट असेल, तर भुलीची घाई करू नका, रोजचा ब्रश सुरू करा. पेस्ट मात्र कुत्र्यांचीच हवी. तो ती गिळतो, आणि माणसांच्या काही पेस्टमधलं झायलिटॉल त्याला विषारी असतं. दात हलतोय, एकाच बाजूनं चावतोय किंवा डोळ्याखाली सूज आहे? मग लगेच जा.

मुंबईत अंधेरी ते मुलुंड, खासगी दवाखान्यात साधारण अंदाज असा धरा: तपासणी 500 ते 1,000 रुपये, रक्ताच्या चाचण्या 1,500 ते 3,000, भूल, स्केलिंग आणि पॉलिशिंग मिळून 6,000 ते 15,000. म्हाताऱ्या कुत्र्याला ईसीजी किंवा टू-डी एको लागला तर तो वेगळा. वय जास्त म्हणून भूल नाकारू नका. मूत्रपिंड, यकृत, हृदय कसं आहे ते बघा. पैसे वाचवायला रक्ततपासणी तर कधीच टाळू नका.

बिल फुगतं ते दात काढण्यानं. कुत्रा टेबलावर बेशुद्ध असताना फोन येतो, ‘चार दात काढावे लागतील’, आणि घाबरून तुम्ही हो म्हणता. म्हणून दर दाताचा दर, एक्स-रे, सलाईन, नंतरची औषधं, सगळं आधीच कागदावर घ्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या उपचारांना जीएसटी माफ आहे. बिलात तो दिसला तर विचारा. ग्रूमिंग आणि खाद्याची गोष्ट वेगळी.

पार्लरमधलं ‘बिनभुलीचं क्लीनिंग’ घेऊ नका. दिसणारा भाग खरवडला जातो, हिरडीखालचं तसंच राहतं. दात पांढरे दिसतात आणि आजार आत वाढतो.

बजेट कमी असेल तर परळचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बैलघोडा हॉस्पिटल इथे चौकशी करा. जाण्यायेण्याचा खर्च धरा, रिक्षा शीव-माहीमच्या पुढे जात नाही.

उपचाराच्या दिवशी सोबत लसीकरणाचं पुस्तक, जुने रिपोर्ट, चालू औषधांची नावं. आदल्या रात्रीपासून उपास, किती तासांचा ते डॉक्टरांना विचारा. बहुधा सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. संमतीपत्र पूर्ण वाचूनच सही करा. चपट्या नाकाचा पग किंवा शित्झू असेल तर दोन प्रश्न हमखास विचारा: श्वासनलिकेत नळी घालणार ना? आणि तो पुरता शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण बसणार?